बिल नेमकं अडकतं कुठे? छोट्या कंपनीचं बॅक-ऑफिस सुधारायला घेताना

भोसरी, चाकण, हडपसर भागातल्या छोट्या कंपन्यांत एक वाक्य हमखास कानावर येतं : "जरा ऑफिसला सिस्टीम लावा." हे वाक्य बहुतेक वेळा एखाद्या नव्या माणसाला ऐकवलं जातं. तो मालकांचा शिक्षण संपवून आलेला मुलगा असतो, नुकतीच रुजू झालेली अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह असते, नाहीतर शॉप फ्लोअरवरून कमर्शियलला आणलेले सुपरवायझर असतात. सिस्टीम म्हणजे काय, सुरुवात कुठून करायची, हे मात्र कुणी सांगत नाही. मग आठवडाभरात सॉफ्टवेअरवाल्यांचे डेमो सुरू होतात आणि मूळ गोंधळ जिथल्या तिथे राहतो.

मी बरीच वर्षं अशा कंपन्यांच्या अकाउंट्स-कमर्शियलमध्ये आहे. या कामातून जाताना कळलेलं इथे क्रमाने मांडते. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे : खरेदीचं बिल, गेटपासून पेमेंटपर्यंत. ही एक वाट नीट समजली की पगार, डिस्पॅच, पेटी कॅश यांच्या वाटाही तशाच शोधता येतात.

१. एकच काम हातात घ्या

"सगळं ऑफिस सुधारायचं" असं ठरवलं की काहीच सुधारत नाही. एक काम निवडा. निवडायची माझी पद्धत साधी आहे. आठवडाभर फोनशेजारी एक वही ठेवा आणि "त्याचं काय झालं?" असं विचारणारा प्रत्येक फोन, प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज त्यात लिहा. "मॅडम, आमचं पेमेंट?", "चलनाची कॉपी मिळाली का?", "पगाराची स्लिप कधी देणार?" ज्या विषयाचे फोन सगळ्यात जास्त, तिथे कागद अडकतोय. माझ्या पाहण्यात बहुतेक ठिकाणी पहिला नंबर पार्ट्यांच्या, म्हणजे आपल्याला माल पुरवणाऱ्यांच्या, पेमेंटचाच लागतो.

मालकांशीही आधीच बोलून घ्या. तुम्ही लोकांच्या टेबलांवर जाऊन प्रश्न विचारणार आहात हे त्यांनी स्वतः सगळ्यांना सांगायला हवं. त्यातही एक गोष्ट त्यांच्या तोंडून स्पष्ट आली पाहिजे : यात कुणाची नोकरी जाणार नाही. हे वाक्य राहून गेलं तर तुम्हाला खरी माहिती मिळणार नाही.

२. हे जमवून बसा

- मागच्या दोन-तीन महिन्यांतली वीस-पंचवीस बिलं, सरसकट उचललेली. नीटनेटकी तेवढीच निवडू नका, वादातली दोन-चार असू द्या.
- त्या बिलांच्या पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, डिलिव्हरी चलनं आणि ग्रिन म्हणजे माल मिळाल्याची नोंद
- गेटचं इनवर्ड रजिस्टर आणि स्टोअरचं रजिस्टर
- टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून त्या पार्ट्यांची लेजर म्हणजे खाती, एंट्री केल्याच्या तारखेसकट
- बँक स्टेटमेंट
- ज्या पार्ट्यांनी दिलं असेल त्यांचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं. याची गरज सहाव्या पायरीत कळेल.
- मोठा कोरा कागद, पेन्सिल आणि खोडरबर

लॅपटॉप या टप्प्यावर बाजूला ठेवलात तरी चालेल.

३. कागदामागे चालत जा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच गाळतात. कॉन्फरन्स रूममध्ये सगळ्या डिपार्टमेंटच्या प्रमुखांना बसवून "तुमची प्रोसेस सांगा" असं विचारू नका. ते कागद कसा जायला हवा हे सांगतील. तो जातो कसा, हे गेटवरच्या वॉचमन काकांना आणि स्टोअरमधल्या मुलाला माहीत असतं.

एक बिल हातात घ्या आणि ते ज्या क्रमाने फिरलं त्याच क्रमाने टेबलं फिरा. प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारा : हा कागद तुमच्याकडे कधी आला? तुम्ही त्याचं नेमकं काय केलंत? तो पुढे कधी गेला? चौथा प्रश्न उत्तरांतून आपोआप निघतो : मधल्या काळात तो कशासाठी थांबला होता?

समजा, कटिंग टूल्सचं एक बिल आहे. माल सोमवारी ३ तारखेला गेटवर आला. नोंद झाली, शिक्का बसला, दोन मिनिटं. स्टोअरने ग्रिन केली शुक्रवारी ७ तारखेला, कारण मधे काही दिवस एकटाच माणूस होता आणि गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. ग्रिनला लागली दहा मिनिटं. क्यूसीची म्हणजे गुणवत्ता तपासणीची सही झाली सोमवारी १० ला, तपासणी वीस मिनिटांची. ११ ला बिल अकाउंट्समध्ये आलं. तिथे कुणीतरी कोपऱ्यात पेन्सिलने 'रेट फरक' लिहून १२ ला ते परचेसकडे परत पाठवलं. परचेसने पार्टीला एक फोन केला, दहा मिनिटं. पण तो फोन व्हायला १८ तारीख उजाडली. त्याच दिवशी टॅलीत एंट्री झाली, पाच मिनिटं. १९ ला बिल साहेबांच्या ट्रेमध्ये गेलं. साहेब ग्राहकाकडे गेले होते, सही झाली २४ ला, आणि संध्याकाळी पेमेंट गेलं.

आता बेरीज करा. बिलावर प्रत्यक्ष काम झालं ते पाऊण तासाच्या आसपास. बिल ऑफिसात राहिलं तीन आठवडे. उरलेला सगळा वेळ ते कुठल्या तरी ट्रेमध्ये, फाईलमध्ये किंवा शर्टाच्या खिशात पडून होतं.

या सुधारणेचं सगळं मर्म मला इथेच वाटतं. लोकांना भराभर एंट्री करायला लावून तुमची पाच मिनिटांची तीन होतील. तीन आठवडे कमी होतील ते थांबण्याच्या जागा काढल्याने. म्हणून कोऱ्या कागदावर प्रत्येक टेबलासमोर दोन आकडे लिहा, कामाचा वेळ आणि थांबण्याचा वेळ. वीस-पंचवीस बिलं झाली की त्याच त्या दोन-तीन जागा पुन्हा पुन्हा पुढे येतात.

इथला धोका : एखाद्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ जातोय असं दिसलं की त्या माणसाकडे बोट दाखवायचा मोह होतो. तसं करू नका. वरच्या उदाहरणात स्टोअरमधल्या मुलाचे चार दिवस गेलेले दिसतात. पण माल उतरवायला, इश्यू करायला आणि नोंदी ठेवायला तो एकटाच आहे. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी चार दिवस लागलेच असते.

४. थांबण्याचं कारण शोधा

कारणं फार नसतात. बहुतेक ऑफिसांत हीच सापडतात.

*बिलावर पीओ नंबर नाही.* मग अकाउंट्सला परचेसला विचारावं लागतं, परचेसला आठवावं लागतं. यावर उपाय पार्टीकडे आहे. सगळ्या पार्ट्यांना एक पत्र पाठवा की अमुक तारखेपासून पीओ नंबर नसलेलं बिल गेटवरूनच परत जाईल. पहिला आठवडा कुरकुर होते, मग सवय लागते. पण हा नियम लावायचा तर आपली पीओ वेळेवर निघायला हवी. फोनवर ऑर्डर देऊन पीओ नंतर बनवणाऱ्या कंपनीला पार्टीला हे सांगायचा अधिकार उरत नाही.

*रेटमधला फरक.* भाव वाढलेला असतो, परचेसने तो फोनवर मान्य केलेला असतो, पीओ मात्र जुनीच असते. रेट बदलला की त्याच दिवशी पीओत दुरुस्ती, हा नियम करा. पीओ, ग्रिन आणि बिल या तिन्हींचा मेळ बसला तर अकाउंट्सने कुणालाही न विचारता बिल पुढे न्यावं. पैशांचा किंवा वाहतुकीचा किरकोळ फरक किती चालेल, हे मालकांकडून एकदाच ठरवून घ्या.

*एकाच माणसाची सही.* कुरियरच्या बिलाला आणि मशीनच्या बिलाला तीच सही लागत असेल तर ट्रे कधीच रिकामा होणार नाही. रकमेप्रमाणे पायऱ्या पाडा. विशेषतः पीओला साहेबांनी आधीच मंजुरी दिली आहे, माल पूर्ण आला आहे, रेट जुळतोय, अशा बिलावर त्यांची पुन्हा सही कशासाठी, हे त्यांनाच नम्रपणे विचारा. बहुतेक मालकांनी हा विचार केलेला नसतो. फार पूर्वी एखादं दुहेरी पेमेंट झालेलं असतं आणि तेव्हापासून ती सही चालत आलेली असते.

*साठवून करायची सवय.* "शनिवारी एकदम ग्रिन करू." यामुळे सोमवारच्या मालाला उगाच पाच दिवस थांबावं लागतं. रोज संध्याकाळी अर्धा तास ठरवून दिला तर काम तेवढंच होतं आणि कागद थांबत नाही.

*तीच नोंद चार ठिकाणी.* गेट रजिस्टर, स्टोअर रजिस्टर, कुणाच्या तरी लॅपटॉपवरची एक्सेल आणि टॅली. त्यातली एक्सेल सगळ्यात घातक, कारण ती एकाच माणसाला उघडता येते आणि तो रजेवर गेला की महिनाअखेर थांबते.

५. आधी काढा, मग जोडा

आता तुमच्याकडे टेबलांचा नकाशा आहे. प्रत्येक नोंदीबद्दल विचारा : ही बंद केली तर कुणाचं काय अडेल? "आम्ही पहिल्यापासून ठेवतो" याखेरीज उत्तर आलं नाही तर ती काढायच्या यादीत टाका.

काही गोष्टींना मात्र हात लावू नका :

- गेटची नोंद. माल आला की नाही, या वादात पहिला पुरावा तोच.
- जॉबवर्कची म्हणजे बाहेर प्रक्रियेला पाठवलेल्या मालाची चलनं. हीट ट्रीटमेंट, प्लेटिंगला पाठवलेला कच्चा माल जीएसटीच्या नियमाप्रमाणे एक वर्षाच्या आत परत यायला हवा, म्हणून गेलेला आणि आलेला माल चलनानुसार जुळवता आला पाहिजे.
- जीएसटीची कागदपत्रं. त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ती सांभाळावी लागतात. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं.
- पैसे बाहेर जाताना दोन माणसं. बँकेत पेमेंट भरणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा.

शेवटच्या मुद्द्याबद्दल थोडं सविस्तर. "आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे" असा मेल पार्टीच्या नावाने येतो, लेटरहेडही हुबेहूब असतं, आणि पैसे भलत्याच खात्यात जातात. ही फसवणूक सर्रास चालते. खातं बदलायची विनंती आली की आपल्या जुन्या रेकॉर्डमधल्या नंबरवर फोन करून खात्री करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. कॅन्सल केलेला चेक मागा. मास्टरमध्ये म्हणजे पार्ट्यांच्या मूळ माहितीत खातं बदलणारा आणि पेमेंट सोडणारा माणूस एकच नसावा. काम वेगाने व्हावं म्हणून ही पायरी कधीही काढू नका, ऑफिसात तीनच माणसं असली तरीही.

६. पेमेंटच्या तारखा कायद्याशी जुळवा

महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १५ ला पीएफ आणि ईएसआय, २० ला जीएसटीआर-३बी (कर भरायचं सारांश रिटर्न). मासिक रिटर्न भरणाऱ्यांचा महिना याच तारखांभोवती फिरतो. या दिवसांत अकाउंट्सला इतर कामं देऊ नका. मुदतवाढीचं परिपत्रक आलं तर ते सीएंकडून कळेलच, पण आपलं वेळापत्रक मूळ तारखांवरच बसवा.

१४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पार्ट्यांनी आपल्या नावाने दाखवलेल्या बिलांची यादी, तयार होते. ती आपल्या खरेदीशी ताडून बघायची. पार्टीने बिल रिटर्नमध्ये दाखवलेलं नसेल तर आपलं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या जीएसटीची वजावट, अडकतं. बिल तिमाही रिटर्नवाल्या पार्टीचं असेल तर ते उशिरा दिसू शकतं. बिलं महिनाअखेर ट्रेमध्ये पडून असतील तर २बीत बिल आहे आणि टॅलीत नाही अशी उलटी यादी निघते, आणि दर महिन्याला दोन माणसांचे दोन-तीन दिवस ती जुळवण्यात जातात. बिलाची एंट्री वेळेवर होऊ लागली की हा त्रास आपोआप कमी होतो. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पार्टीला पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, हेही ध्यानात असू द्या.

नव्या माणसाच्या नजरेतून सुटते ती सूक्ष्म आणि लघु उद्योगांची तरतूद. माल बनवणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या उद्यम-नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु पार्टीला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचा नियमही त्याला जोडला आहे : मुदत उलटली आणि वर्षअखेरीस रक्कम बाकी राहिली, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीस मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं ते वेगळंच. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी झाली आहे, त्यामुळे तुमच्या बऱ्याच पार्ट्या यात बसत असतील. निव्वळ व्यापारी मात्र यात येत नाहीत. म्हणून प्रत्येक पार्टीकडून उद्यम प्रमाणपत्र मागवा, ती सूक्ष्म, लघु की मध्यम आणि उत्पादक की व्यापारी, हे मास्टरमध्ये लिहा आणि पीओवर पेमेंटची मुदत छापा. आपणही कुणाचे तरी पुरवठादार असतो. आपलं पेमेंट अडकल्यावर पगाराच्या तारखेला मालकांची काय अवस्था होते, हे अकाउंट्समधल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. समोरच्या वर्कशॉपमध्येही तेच घडत असतं.

पेमेंटसाठी महिन्यातले दोन दिवस ठरवा, समजा १० आणि २५. गुरुवार किंवा बँकेची सुट्टी आली तर आदला दिवस. १५ दिवसांवाल्या पार्ट्यांची मुदत त्यात सांभाळली जाते ना, तेवढं तपासा. तारखा पार्ट्यांना कळवल्या की "पेमेंट कधी?" हे फोन झपाट्याने कमी होतात.

७. एका पानाचा नियम

जाडजूड मॅन्युअल कुणी वाचत नाही. एक पान, मराठीत, मोठ्या अक्षरात, स्टोअरच्या भिंतीवर आणि अकाउंट्सच्या टेबलावर. साधारण असं :

माल आला त्याच दिवशी ग्रिन. क्यूसी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. बिल एकाच ठिकाणी येणार, ठरलेल्या मेलवर किंवा गेटवरच्या पेटीत, कुणाच्याही हातात नाही. तिन्ही कागद जुळले तर दोन दिवसांत एंट्री. जुळले नाहीत तर कारण लिहून लाल फोल्डरमध्ये, आणि रोज सकाळी अकरा वाजता परचेस-अकाउंट्सने दहा मिनिटं उभ्याउभ्या तो फोल्डर बघायचा.

लाल फोल्डर मला फार उपयोगी वाटतो. अडलेला कागद सगळ्यांच्या नजरेसमोर राहतो आणि तो कुणाच्या खात्यात अडलाय, यावरून वादच होत नाही.

८. थोड्या पार्ट्यांवर चालवून बघा

नियमित माल देणाऱ्या पाच-सहा पार्ट्या निवडा आणि महिनाभर फक्त त्यांची बिलं नव्या पद्धतीने फिरवा. मार्च, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आणि स्टॉक मोजणीचा आठवडा टाळा.

इथला मोठा सापळा म्हणजे जुनं आणि नवं दोन्ही चालू राहणं. "असू दे, सेफ्टीसाठी जुनं रजिस्टरही भरू" असं म्हणत वर्ष जातं आणि कामाचा बोजा दुप्पट होतो. जुनं रजिस्टर कोणत्या तारखेला बंद होणार ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा आणि त्या तारखेला शेवटच्या नोंदीखाली रेघ मारून, सही करून ते कपाटात टाका.

९. सॉफ्टवेअर, पण आता

बऱ्याच छोट्या कंपन्यांना नवं काही घ्यावंच लागत नाही. टॅलीमध्ये खरेदी ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल एकमेकांना जोडता येतात. ते कधी सुरूच केलेलं नसतं. आधी ते करा.

त्याआधी पार्ट्यांचं मास्टर साफ करा. एकच पार्टी तीन वेगवेगळ्या स्पेलिंगने असते, बाकी एका खात्यात आणि अ‍ॅडव्हान्स दुसऱ्या. नावांवरून शोधत बसण्यापेक्षा जीएसटी क्रमांकावरून यादी लावा. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅन तोच पण राज्य वेगळं असेल तर ती वेगळी नोंदणी आहे, ती एकत्र करू नका. क्रमांकच तोच असेल तर खाती एकत्र करा, सीएंना सांगून.

नवं सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर विक्रेत्याच्या तयार डेमोवर समाधान मानू नका. तुमची वादातली चार बिलं त्याला द्या : रेट फरक असलेलं, अर्धा माल आलेलं, रिजेक्शनमुळे डेबिट नोट (पार्टीची रक्कम कापल्याचा कागद) लागणारं आणि जॉबवर्कचं. ती समोर बसून एंटर करायला सांगा. शिवाय हे विचारा : सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का? बॅकअप कुठे जातो? केलेल्या बदलांची नोंद राहते का? प्रायव्हेट लिमिटेडसारखी नोंदणीकृत कंपनी असाल तर १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारं आणि ती बंद करता न येणारं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. प्रोप्रायटरशिपला हे बंधन नाही, तरी ते असलेलं बरं.

१०. तीनच आकडे मोजा

बिल गेटवर आल्यापासून एंट्रीपर्यंतचे दिवस. लाल फोल्डरमध्ये गेलेली बिलं, कारणासकट. पेमेंट विचारणारे फोन. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हे तीन आकडे मालकांसमोर ठेवा. आकडा वाढला तर पहिल्यांदा स्टोअरमध्ये जा. तिथे माणूस कमी पडलाय का, नवी पार्टी जोडली गेलीय का, ते बघा. लाल फोल्डरमध्ये एकच कारण सलग दोन महिने वरती राहिलं तर त्या एकाच कारणासाठी तिसरी पायरी पुन्हा करा.

हे आकडे स्थिरावले की फोनची वही परत उघडा आणि दुसऱ्या नंबरवर काय होतं ते बघा. बहुधा तो पगार आणि ओव्हरटाइमचा हिशेब असतो. त्यात पंचिंग मशीनचा रिपोर्ट, कॉन्ट्रॅक्टरची हजेरी आणि सुपरवायझरची वही असे तीन आकडे असतात आणि तिन्ही वेगळे. तिथेही सुरुवात एकाच कामगाराची एका महिन्याची हजेरी हातात घेऊन, टेबलाटेबलाने करायची.